कन्नड शाळेत शिकून मराठी शब्दकोडं सोडवताना : माझा अनुभव

माझं सगळं शिक्षण कन्नड मीडियमचं, माहेर गोकाककडचं, घरात बोलायला मराठी पण वाचायची सवय म्हणाल तर लग्नपत्रिका आणि दुकानाच्या पाट्या एवढीच. लग्न होऊन बेळगावच्या पश्चिमेला भात-रताळ्याच्या पट्ट्यात आले आणि इथं घरात रोज मराठी पेपर. मामंजी बातम्या वाचून झाल्या की पुरवणी तशीच ठेवून शेताकडं जायचे, त्यात शब्दकोडं असायचं, ते मी दुपारी हातात घ्यायला लागले. आता रविवारचं मोठं कोडंसुद्धा बहुतेक वेळा पूर्ण सुटतं, म्हणून मला काय काय उपयोगी पडलं ते सांगते, कुणी नव्यानं सुरू करत असेल तर कामाला येईल.

आधी चौकटीचा हिशोब नीट कळला पाहिजे. हा प्रकार मुळात अमेरिकेतला, 21 डिसेंबर 1913 ला आर्थर विन यांनी न्यूयॉर्क वर्ल्ड पेपरात पहिलं कोडं छापलं, तिथं एका घरात एक लेटर. आपल्यात एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी जोडाक्षर सगळं धरून, म्हणजे सैरंध्री तीन घरांत आणि पौंड्र दोनच घरांत. आणि आडवा-उभा शब्द जिथं एकमेकाला कापतो तिथं वेलांटीसकट अक्षर जुळायला लागतं, म्हणून कोडं करणाऱ्यालाही तिथं क, र, ल, न अशी साधी अक्षरं सोयीची पडतात. हे लक्षात आल्यावर मी एक बघायला लागले, ज्या घरातून दुसरा शब्द जातच नाही तिथं अवघड जोडाक्षर असण्याचा चान्स जास्त, आणि हे फार वेळा खरं निघतं. क्रियापदाचा अर्थ विचारला असेल तर शेवटच्या घरात पेन्सिलीनं णे लिहून मोकळं व्हायचं, अनेकवचन विचारलं असेल तर उत्तरही अनेकवचनीच येणार. आणि "सोने किंवा धोत्रा" असे दोन लांबलांबचे अर्थ एकत्र दिले असतील तर घाबरायचं नाही, उलट तेच सोपं असतं कारण दोन्हीला बसणारा शब्द एखादाच असतो (कनक).

जनरल नॉलेजचं मला तेवढं जड गेलं नाही. कन्नडमधून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेला होता, मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते, गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन 1924 ला आपल्या बेळगावातच भरलं, हे सगळं डोक्यात होतंच, फक्त मराठी अक्षरांत घरं मोजून बसवायचं. राजधान्या आणि चलनांची मात्र घरांच्या संख्येप्रमाणं वही केली. दोन घरांचं पान सगळ्यात जास्त वापरलं जातं : लिमा, माले, दोहा, ओस्लो, येन, बाट. महाभारताचंही तसंच, अज्ञातवासातली नावं एकदा पक्की केली की कायमची कामाला येतात, धर्मराज कंक, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, नकुल ग्रंथिक, सहदेव तंतिपाल. कंक तर दोन घरांचा, त्यामुळं कोपऱ्यात कुठंही बसतो.

खरी अडचण यायची ती जुन्या वापरातल्या शब्दांची, आणि ते मला कुठल्याच यादीतनं मिळाले नाहीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती, नेटवर फुकट बघायला मिळते आणि चांगलीच आहे, पण कोशात जायला शब्द आधी हातात लागतो आणि कोड्यात आपल्याकडं असतो नुसता अर्थ. अर्थ सांगितला की शब्द काढून देणारं म्हणजे माणूसच.

एकदा आलं होतं, "पाभरीवरचे बी सोडण्याचे भांडे", दोन घरं. मला पाभरच माहीत नाही. मामंजी जेवायला बसले होते, त्यांना विचारलं.

"पाभर म्हंजे आपली कुरी की गे पोरी. माळ्यावर पडलीय बघ."

जेवण झाल्यावर त्यांनी ती पेरणीची कुरी खाली काढून दाखवली. धुळीनं भरलेली, खाली फण, फणांवरनं वर आलेल्या नळ्या, आणि त्या सगळ्या नळ्या जिथं एकत्र येतात तिथं वर लाकडाची वाटीसारखी वस्तू, आत नळ्यांएवढीच भोकं. त्यांनी त्यात मूठ धरली, अंगठ्यानं बी सोडल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हे चाडं. मूठ सारखी पडाय पायजे, न्हाईतर एक ओळ दाट आन एक मोकळी." लिहिताना चाडे, घरं दोन, बसलं. पण मला त्या उत्तरापेक्षा ती मूठ जास्त आवडली, खरं सांगते, इतकी वर्षं ती वस्तू घरात होती आणि मी तिच्याकडं बघितलंही नव्हतं.

तेव्हापासून मी विचारायला लाजत नाही. मापं आज्जींकडनं शिकले, म्हणजे आमच्या आजेसासूबाई, त्या अजून तांदूळ चिपट्यानंच मोजतात. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, एका दमात म्हणून दाखवतात. पुढच्याच एका कोड्यात "दोन मापटी" आलं, मी कोश उघडलासुद्धा नाही.

शाळेत मार्क मिळाले ते पुस्तकातल्या भाषेचे, आणि हे ज्यांना येतं ती माणसं स्वतःला अडाणी म्हणवतात, याचं मला फार वाईट वाटतं. आज्जींना मी आता कोडं मोठ्यानं वाचून दाखवते, त्या उत्तर सांगतात, लिहायचं काम माझं.

सध्या माझं सुताराच्या हत्यारांचं पान चाललंय. गल्लीच्या टोकाला एका वयस्कर सुताराचं दुकान आहे, तिथं जाऊन वाकस, रंधा, पटाशी, सामता एकेक हातात घेऊन बघितलं, कुठलं कशाला ते विचारून घेतलं. तीन घरांच्या पानावर तिघं गेले, रंधा दोनच्या. पुढं कुंभारवाड्यात जायचंय, चाक आणि भट्टीतलं मला अजून काहीच येत नाही.