अमिताभचं पोट आणि आपला आंब्याचा हंगाम

'कुली' सिनेमाच्या चित्रीकरणात अमिताभला झालेल्या अपघाताचा विषय निघाला की गप्पा नवस, होमहवन आणि पुनर्जन्मावर जातात. डॉक्टरी बाजू मागे राहते, आणि कोकणात कामाची आहे ती तीच.

26 जुलै 1982, बंगळूर. मारामारीच्या दृश्यात टेबलाचा कोपरा पोटात बसला. बाहेर ना रक्त, ना मोठी जखम. आत आतडं फाटलं होतं आणि ते कळेपर्यंत वेळ गेला. पुढे मुंबईत ब्रीच कँडीत जिवावरचं दुखणं. घरी जायला 24 सप्टेंबर उजाडला.

आंबे उतरवायला सुरुवात झाली की हाच मुका मार आपल्याकडे दिसतो. कलमावरून पडलेला गडी, माडावरून घसरलेला पाडेली (नारळ पाडणारा), मोटरसायकलचं हँडल पोटात बसलेला पोरगा. तो उठतो, चहा मागतो आणि सगळे निर्धास्त होतात. चहाच काय, पाणीही देऊ नका. ऑपरेशन लागलं तर भूल देताना भरलेलं पोट घात करतं. उंचावरून पडलेल्याला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका, पाठीचा कणा दुखावलेला असू शकतो, 108 बोलवा. दुखणं वाढत जाणं, पोट कडक होणं, खोकल्यावर कळ, थंड घाम, जलद नाडी या खुणा. डावा खांदा दुखला तर प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) फाटल्याचा संशय घ्यावा. आणि 'सोनोग्राफी नॉर्मल' या कागदावर घरी परतू नका. सोनोग्राफीत साठलेलं रक्त दिसतं, आतड्याचं भोक बहुधा चुकतं. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत आतड्याबाहेर हवा दिसली तर निदान पक्कं, पण न दिसली म्हणून सुटका नाही. मग हवं ते सीटी स्कॅन, आणि एकाच डॉक्टरने दर काही तासांनी पोट पुन्हा तपासणं. ओरोसचं जिल्हा रुग्णालय की गोव्यातलं बांबोळी हा वाद रस्त्यात नको. जिथे रात्री सर्जन आहे तिथे.

1984 मध्ये अमिताभला मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराचं निदानही झालं. यात स्नायू वापरून थकतात, संध्याकाळी पापणी लोंबते, एकाची दोन दिसतात. असा रुग्ण घरात असेल तर कुठल्याही दवाखान्यात आधी आजाराचं नाव सांगा; जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन श्वास अडकवू शकतं.

खरा उशिरा फुटलेला बाँब मात्र रक्तात होता. अपघातानंतर सुमारे 200 दात्यांच्या 60 बाटल्या चढवल्या, त्यातून हिपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणू आला. यकृताचा 75 टक्के भाग गेल्याचं कळलं ते कितीतरी वर्षांनी. हे अमिताभनेच सांगितलंय. तोवर लक्षण काही नाही. लिव्हर गेलं म्हणजे दारूच, हा आपल्याकडचा निकाल किती उथळ आहे बघा.

काविळीवर गावठी औषध 'लागू पडतं' कारण दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते. 'बी' डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावरही आत राहू शकते. म्हणून मोठ्या माणसाला कावीळ झाली की एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठीची रक्ताची) तपासणी हवीच. सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह असेल तर आजार जुनाट. मग व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती), एएलटी (यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी), दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. विषाणूवरची गोळी प्रत्येकाला लागत नाही. लागली तर टेनोफोव्हिर रोज, आणि राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात ती सरकारी केंद्रांवर मोफत आहे. बरं वाटलं म्हणून मनानेच थांबवली तर यकृत एकदम सुजतं.

विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस टिकतो, तेव्हा जत्रेत गोंदवताना सुई आणि सलूनमध्ये ब्लेड नवं हवं. रुग्णाच्या घरच्यांनी तपासून लस घ्यावी: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी, दंडात, कुल्ल्यावर घेतलेली नीट लागत नाही. गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लस 24 तासांत, आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्यतो 12 तासांच्या आत. ते ऐनवेळी धावून मिळेलच असं नाही, आठव्या महिन्यातच बाळंतपणाच्या दवाखान्यात विचारून ठेवा.