तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी येत होती, मग परत कशाला शिकलास?

सुट्टीला कोल्हापूरला आलो की कुणीतरी हे विचारतंच, आणि व्हॉट्सॲपवर तर बारा महिने चालू असतं. कॉलेजपासून स्प्लेंडर फिरवलीस, महाद्वार रोडच्या गर्दीतनं सुळकन गाडी काढायचास, मग इंग्लंडात जाऊन पोलिसांचं ट्रेनिंग घ्यायची काय हौस? दोघातिघांना तर वाटतं मी तिकडे पोलिसात लागलोय. नाही लागलो, आयटीतच आहे, अजून तोच लॅपटॉप आणि त्याच मीटिंगा.

झालं असं की तिकडे ब्लड बाईकर्स म्हणून एक प्रकार आहे. साधी नोकरीवाली माणसं रात्री आणि शनिवार-रविवारी फुकटात बाईकवरून हॉस्पिटलांना रक्त, सॅम्पल्स, कधी एखाद्या कमी दिवसांच्या बाळासाठी दुसऱ्या आईने दिलेलं दूध पोचवतात. मला त्यात जायचं होतं. फॉर्म भरायला गेलो तर म्हणे नुसतं लायसन्स आमच्याकडे चालत नाही, ॲडव्हान्स्ड रायडिंगची टेस्ट पास करून या. आणि ती टेस्ट पोलिसांच्या पद्धतीवर बेतलेली. म्हणून गेलो, आणि खरं सांगतो, गुर्मीत गेलो. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला हे काय शिकवणार.

ही पद्धत कुठून आली ते थोडक्यात सांगतो, कारण मला स्वतःला मजा वाटली. १९३० च्या दशकात लंडनच्या पोलिसांच्याच गाड्यांचे इतके ॲक्सिडेंट व्हायचे की कमिशनर लॉर्ड ट्रेन्चर्ड यांच्या काळात लंडनातल्या हेंडनला पोलिसांचं ड्रायव्हिंग स्कूल निघालं. लोकांना ड्रायव्हिंग टेस्ट सक्तीची झाली जून १९३५ मध्ये, म्हणजे त्याआधी तिथेही आपल्यासारखंच, बस आणि चालव. मग १९३७ मध्ये लॉर्ड कॉटनहॅम नावाच्या रेसिंगवाल्या माणसाला आणलं आणि त्याने शिकवण्याला शिस्त लावली. १९५५ मध्ये त्याच पद्धतीचं 'रोडक्राफ्ट' हे पुस्तक आलं, बाईकवाल्यांसाठी त्याचं वेगळं पुस्तक आहे, आणि १९५६ पासून सामान्य लोकांसाठीही ॲडव्हान्स्ड टेस्ट सुरू झाली. रेस चालवणाऱ्याने बसवलेली पद्धत, आणि तिच्यात वेगाचा नंबर तिसरा. इन्फर्मेशन (पुढे काय आहे), पोझिशन (रस्त्यावर कुठे राहायचं), स्पीड, गिअर, ॲक्सिलरेशन. याच ओळीने, प्रत्येक वळणाला, प्रत्येक चौकाला, उभ्या असलेल्या प्रत्येक बसपाशी.

मला शिकवणारा ऑब्झर्व्हर म्हणजे रिटायर्ड ट्रॅफिक पोलीस, सत्तरीचा, उन्हात भाजल्यासारखा लालबुंद. आयुष्यभर पोलिसांच्या बाईकवर, त्यामुळे चालताना थोडा वाकडाच चालायचा. पण बाईकवर बसला की खांबासारखा ताठ. तो माझ्या मागे राहणार, हेल्मेटमधल्या रेडिओवर बोलणार, आणि शेवटी चहाच्या टपरीवर (तिकडे कॅफे म्हणतात, चहा टपरीच्या पासंगालाही पुरत नाही) बसून कागदावर हिशेब मांडणार.

पहिल्याच दिवशी, पाऊस नुकताच थांबलेला, दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झाडी आणि मधून खेड्याचा अरुंद रस्ता. मी झकास चाललोय. रेडिओवर विचारतो, काय दिसतंय? म्हटलं, रस्ता मोकळा आहे. म्हणाला, मागे लीद होती, ताजी, वाफ येत होती. मी म्हटलं बरं, मग? तर पुढच्या वळणाला दोन पोरी घोड्यांवर, रस्त्याच्या मधोमध, निवांत. घोडा बिचकला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी शेतकऱ्याचा नातू आणि रस्त्यावरची लीद मला एका गोऱ्या म्हाताऱ्याने दाखवावी, याची मला फार लाज वाटली.

तिथून पुढे तो हेच करत राहिला. ओल्या रस्त्यावर चिखलाचे दोन पट्टे, म्हणजे पुढे ट्रॅक्टर. घरांसमोर कचऱ्याचे डबे मांडलेत, म्हणजे कचऱ्याची गाडी कुठेतरी उभी असणार. थांबलेल्या बसखालून पाय दिसतात का बघ. आणि हे सगळं चालवता चालवता मोठ्याने बोलायचं. पोलिसांच्या कोर्समध्येही हेच असतं, त्याला कॉमेंटरी म्हणतात. पहिले चार दिवस मी वेड्यासारखा हेल्मेटमध्ये मराठी-इंग्रजी मिसळून बडबडत होतो, कारण अचानक कुत्रं दिसलं की तोंडातून आधी 'अरे कुत्रं' असंच येतं.

पण खरी चावी वेगळीच होती. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना भेटल्यासारख्या दिसतात ना, त्या टोकावर नजर ठेवायची. ते टोक तुमच्याकडे येत असेल तर वेग कमी करा, तुमच्याइतक्याच वेगाने पुढे सरकत असेल तर आहे तो वेग बरोबर, आणि लांब पळायला लागलं की वळण उघडलं, आता गॅस द्या. बास. जेवढा रस्ता मोकळा दिसतोय तेवढ्यातच थांबता आलं पाहिजे, आपल्याच बाजूला. ताशी ६० मैलांना कोरड्या रस्त्यावर थांबायला ७३ मीटर लागतात असं तिथलं हायवे कोड, म्हणजे रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक, सांगतं. मी आयुष्यभर २० मीटर पुढे बघून चालवत होतो आणि उरलेलं ब्रेकवर आणि नशिबावर.

हे मला पटायला वेळ लागला. आपल्याकडे गाडी चांगली चालवणं म्हणजे ऐनवेळी वाचवणं. असा कट मारला, असा दाबला ब्रेक, वाचलो. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. ऑब्झर्व्हरला मी अशीच एक सांगितली, तावडे हॉटेलपाशी ट्रकखालून कसा निसटलो ती, तर तो जराही हसला नाही. म्हणाला, ट्रक तुला किती आधी दिसला होता?

आणि पोलीस? त्यांच्यातही सगळ्यांना सगळं चालवायला देत नाहीत. निळा दिवा लावून जायचा कोर्स वेगळा, ॲडव्हान्स्डचा आणखी वेगळा, बाईकचा वेगळा. इमर्जन्सीला स्पीड लिमिट माफ असतं, लाल सिग्नलला थांबून-बघून जाता येतं, पण धोकादायक चालवलं तर माफी नाही. २०२२ च्या कायद्याने एवढंच केलं की कोर्टात त्या पोलिसाची तुलना साध्या ड्रायव्हरशी न करता तेच ट्रेनिंग घेतलेल्या सावध पोलिसाशी करायची. आम्हा ब्लड बाईकवाल्यांना तर बहुतेक ठिकाणी निळा दिवाही नाही, दुधाची बाटली घेऊन ३० च्या झोनमध्ये ३० नेच जायचं.

सगळं इकडे जसंच्या तसं चालत नाही हेही कबूल करतो. डाव्या वळणाला लांबचं दिसावं म्हणून मधल्या पट्टीकडे सरकायला शिकवतात, ते आंबा घाटात केलंत तर समोरून येणारी एसटी तुमचा निकाल लावेल. (पुस्तकही म्हणतं, आधी सेफ्टी मग व्ह्यू, पण पुस्तकाने आपली एसटी कुठे बघितलीय.)

गेल्या डिसेंबरात मामांना मागे बसवून त्याच घाटातून रत्नागिरीला निघालो होतो. एका वळणाला कडा जवळ यायला लागल्या, मी गॅस सोडला, एक गिअर खाली घेतला, वळण उघडलं, पुढे गेलो. मामांनी खांद्यावर थापटी मारली.

"काय होतं रं तिथं?"

"काही नाही मामा."

"मग हळू कशाला घेतलीस?"

"होतं का नाही ते दिसत नव्हतं म्हणून."

मामा साखरपा येईपर्यंत गप्प. उतरून चहा सांगितला आणि मग म्हणाले, "आणि याचे तू पैसे भरलेस?"