बाबांच्या जुन्या मेल्स : आऊटलुक एक्सप्रेस ते थंडरबर्ड, आतापर्यंत कुठवर आलंय

बाबांच्या जुन्या मेल्स आऊटलुक एक्सप्रेस या विंडोज एक्सपीवरच्या जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये अडकल्यात, त्या थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये आणतोय. बाबांचा एक्सपीवाला पीसी आता सुरू होत नाही, म्हणून हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि लॅपटॉपला लावली. मेल्स लोकल सेटिंग्ज, अ‍ॅप्लिकेशन डेटा, आयडेंटिटीज आणि त्याच्या आत महिरपी कंसातल्या लांबलचक नंबरच्या फोल्डरमध्ये असतात, आणि लोकल सेटिंग्ज हिडन असतं, म्हणून आधी हिडन फाइल्स दिसायचं सेटिंग ऑन करा. तिथे प्रत्येक मेल फोल्डरची एक डीबीएक्स फाइल मिळते. बाबांचा इनबॉक्स १.४ जीबी भरला, एका डीबीएक्स फाइलच्या २ जीबीच्या मर्यादेच्या आत होता ते नशीब.

सगळा फोल्डर आधी कॉपी केला, मूळ डिस्कला हात लावला नाही, हे प्लीज सगळ्यांनी कराच.

मग अनडीबीएक्स चालवलं. हे फुकटचं छोटं टूल आहे, डीबीएक्समधून प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल काढून देतं आणि अटॅचमेंट त्या फाइलच्या आतच राहते. इनबॉक्स अगदी व्यवस्थित आला. सेंट आयटम्स मात्र खराब झालेला, साध्या पद्धतीने थोड्याच मेल्स निघाल्या म्हणून रिकव्हरी मोड लावला, तर बाकीच्या बऱ्याच आल्या आणि वर डिलीट केलेल्याही आल्या, कारण कॉम्पॅक्ट करेपर्यंत, म्हणजे फाइलमधली रिकामी जागा काढून टाकेपर्यंत, आऊटलुक एक्सप्रेस मेल खरी पुसतच नाही. पण काहींचा शेवट तुटलाय. ताईच्या बारशाचा फोटो वरून पाळण्यापर्यंत स्वच्छ दिसतो आणि खाली नुसता राखाडी पट्टा. तोच फोटो बाबांनी काकांनाही पाठवला होता, त्या मेलमध्ये तो अख्खा सापडला तेव्हा इतकं बरं वाटलं की लगेच आईला दाखवायला पळालो.

थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट एक्सपोर्ट टूल्स एनजी हे अ‍ॅड-ऑन टाकून वर्षवार फोल्डर करून ईएमएल आत घेतल्या. २००५चा फोल्डर रिकामा दिसत होता, प्रॉपर्टीजमधून रिपेअर केल्यावर आला, मेल्स होत्याच, फक्त एमएसएफ इंडेक्स (थंडरबर्डची फोल्डरमधल्या मेल्सची यादी ठेवणारी फाइल) बिघडलेला.

आता मराठीचं. आत्याच्या मेल्स शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, त्या इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत होत्या. जुना फॉन्ट इन्स्टॉल केला आणि मेलला स्वतःचे फॉन्ट वापरू देणारं सेटिंग ऑन केलं, की झालं, नीट वाचता येतात. सर्च मात्र चालत नाही, कारण आत रोमन अक्षरंच आहेत. मूळ मेल बदलायची नाही असं ठरवलंय, महत्त्वाच्या मेल्स युनिकोडमध्ये (आजच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये) पुन्हा टाइप करून शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवतोय, आत्तापर्यंत ११ झाल्यात.

अ‍ॅड्रेस बुकची डब्ल्यूएबी फाइल (आऊटलुक एक्सप्रेस पत्ते हिच्यात ठेवतं) अजून बाकी आहे. कुणाकडे चालता एक्सपी असेल तर सांगा, तिथे उघडून सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, काढायचीये.