ताडपत्री कापली त्या दिवशी

मी मासेमारी बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. बोटीच्या मालकाचं अजून तेच पालुपद आहे: "जाळ्याची दोरी पुढे नाळेवर घेतली होतीस ना? मग ताडपत्री कापायची काय गरज होती?" मी उत्तर देतो, पण ते माझं मलाच पुरतं पटत नाही.

आमच्या बोटीची केबिन मागे आहे. अशा बोटीवर वारा मागच्या बाजूला जास्त रेटतो, त्यामुळे नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, थोडीफार आपणहून वाऱ्याकडे तोंड करून राहते. पूर्वी मागे छोटं शीड लावून ठेवायचे ते याचसाठी. मालकाने मात्र खलाशांना सावली हवी म्हणून पुढच्या डेकवर पाइपांचा सांगाडा ठोकला. वर ताडपत्री, आणि दोन्ही बाजूंनाही ताडपत्री, काथ्याने आवळून बांधलेली. गुंडाळायची सोयच नाही. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. पण बोट चालवणाऱ्याला एका शब्दाने विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? बाजूची ताडपत्री सहा चौरस मीटर तरी भरेल. वारा 25 नॉटचा (ताशी सुमारे 46 किलोमीटर) झाला की चौरस मीटरला साधारण 10 किलोचा रेटा बसतो, म्हणजे 60 किलो, आणि तोही नेमका नाळेजवळ. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, हे किनाऱ्यावर बसून हिशेब करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

त्या दिवशी जाळं ओढायला घेतलं तेव्हा वारा बेताचा होता. ओढताना जाळं नेहमी वाऱ्याच्या बाजूला ठेवायचं. मग बोट वाऱ्याने जाळ्यापासून लांब सरकते, अंगावर जात नाही. नाळ ढळली की सुकाणू पूर्ण वळवून इंजिनाचा छोटा झटका पुढे द्यायचा, लगेच न्यूट्रल. झटका लांबला तर बोट जाळ्याच्या पुढे जाते. सगळं कसब त्या दोन-चार सेकंदांत असतं. लोकांना वाटतं बोट सुकाणूवर चालते. तळाच्या पंख्याने (प्रॉपेलरने) मागे फेकलेलं पाणी सुकाणूच्या पात्यावर आदळलं नाही तर उभ्या बोटीचं सुकाणू म्हणजे नुसती फळी.

अर्धं जाळं वर आलं असेल, तोवर वारा वाढून सगळीकडे लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले. त्यात ओहोटीचा ओढ वाऱ्याच्या उलट, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. माझे झटके लांबत चालले होते. नाळ अर्धवट यायची आणि पुन्हा पडायची. मग एक झोत आला, त्याच वेळी लाटेने नाळ उचलली आणि ती वाऱ्याच्या भलत्या बाजूला गेली. आता वारा डाव्या कुशीवर, जाळं उजवीकडे, आणि बोट आडवी होऊन जाळ्यावरच सरकायला लागली.

"तांडेल, पंखा! जाळं खाली जातंय!" जाळं ओढायच्या विंचवरचा पोरगा ओरडला.

गिअर मी आधीच काढला होता. जाळं तळाखाली गेलेलं असताना पंखा फिरवला तर दोरी शाफ्टला गुंडाळते, मग ना इंजिन ना सुकाणू. आणि पंखा फिरवला नाही तर नाळ वळत नाही. बोट आडवीच, एकेक लाट कठड्यावरून आत. डेकवर ओलं जाळं, त्याचं वजन एका अंगाला.

मी दोन हुकूम एका दमात दिले. काकांना सांगितलं, "विंचवरून सोडा, वरची दोरी नाळेवरच्या खुंटाला घ्या." आणि पोराला, "बाजूचा काथ्या काप!" काका वयाने माझ्यापेक्षा मोठे, पण त्यांनी उलट विचारलं नाही. डोलत्या नाळेवर बसून, एक पाय कठड्याला लावून त्यांनी ओल्या दोरीचे तीन वेढे खुंटाला मारले. दोरी करकरली, पाणी पिळून निघालं. पोराने एका बाजूचा काथ्या कापला, ताडपत्री सुटून फडफडली आणि दुसऱ्या बाजूची घेऊन समुद्रात गेली.

नाळ फिरली. सावकाश, पण फिरली. बुडालेलं जाळं आता नाळेपासून सरळ वाऱ्याकडे ताणलं गेलं होतं. त्याने नांगराचं काम केलं. तळाखालचा भाग मोकळा झालेला डोळ्यांनी पाहिला, तेव्हाच गिअर टाकला.

मालकाचं म्हणणं, ते काम दोरीचं. असेलही. जाळ्याचा ओढ 60 किलोपेक्षा नक्कीच जास्त होता. पण मी केबिनमधून पाहत होतो. काकांचा दुसरा वेढा बसला तेव्हा दोरी ताणलेली होती आणि नाळ जागची हलली नव्हती. ताडपत्री गेली आणि मग ती वळायला लागली. अर्थात तिसरा वेढाही त्याच सुमाराला बसला. दुसऱ्या वेढ्यापर्यंत दोरी थोडी घसरत असेल तर? काकांना विचारलं. ते म्हणाले, "मी हात बघत होतो, नाळ नाही." पोराला छातीठोक वाटतं की त्याच्या सुरीनेच बोट वाचली.

परवा मालक सांगाड्यावर पत्रा टाकायचं म्हणत होता, म्हणजे पुन्हा कोणी कापू नये! मी सांगितलं, सांगाडा काढून केबिनच्या मागे लाव, पाहिजे तेवढा मोठा कर, बाजूला काही बांधायचंच असेल तर दोन ओढींत सुटणारी गाठ मार. तो म्हणाला, मागे सावली कोणाच्या कामाची? खलाशी काम पुढे करतात, तेव्हा त्याचंही खोटं नाही. पत्रा अजून आलेला नाही.