गोळीतली केमो घरी घेताना

केमो म्हटलं की सलाईन, नर्स, तासन्‌तास बसून राहणं हेच डोळ्यासमोर येतं, त्यामुळे डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की घरात सगळ्यांना एकदम हायसं वाटतं, चला, गोळ्याच आहेत ना. मला हे फार खटकतं, कारण औषध तेवढंच जहाल आहे, फक्त हॉस्पिटलमध्ये डोस तपासायला, ग्लोव्हज घालून हाताळायला, रिपोर्ट बघायला जी माणसं असतात ती घरी नसतात. ते सगळं काम घरातल्या कोणीतरी एकाने अंगावर घ्यावं लागतं.

आमच्याकडे नेरुळला ते मी घेतलंय. आईला कॅपेसिटाबिन चालू आहे, 14 दिवस गोळ्या आणि मग 7 दिवस सुट्टी. सुट्टीचे दिवस मी कालनिर्णयवर लाल पेनने आडवे खोडून ठेवते आणि डोस घेतला की तिथेच टिक करायची, म्हणजे "घेतली का गं मी सकाळची?" हा प्रश्नच येत नाही. किती गोळ्या हे उंची-वजनावरून ठरतं, त्यामुळे शेजारच्या काकूंना चार आणि आईला तीनच का, याची चर्चा करण्यात अर्थ नाही. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही, उलटी झाली तरी परत गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

ही गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पाण्याबरोबर घ्यायची असते. आता आईची संकष्टी! चंद्रोदय होईपर्यंत उपास, आणि सकाळच्या गोळीला पोटात अन्न हवं. मी म्हटलं, "आई, बाप्पाला कळतं गं, तू खा." ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली साबुदाण्याची खिचडी कर, ती चालते उपासाला. खिचडी खाल्ली, गोळी घेतली. पण हे सगळ्या गोळ्यांना लागू नाही हं, टेमोझोलोमाइड ही केमोचीच दुसरी गोळी बहुतेक वेळा उपाशीपोटी देतात, म्हणून दुसऱ्याच्या सवयी उचलू नका, आपल्या गोळीचं आपण विचारून घ्या.

गोळ्या मोठ्या आहेत, गिळायला त्रास होतो, तर आमच्या मावशीने सुचवलं की कुटून मधात दे. अजिबात नाही! गोळी तोडली किंवा कुटली की भुकटी हवेत उडते, हाताला लागते, आणि ती घरातल्या निरोगी माणसालाही नको. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगायचं. मी ग्लोव्हज घालूनच गोळ्या काढते आणि नंतर हात साबणाने धुते. वहिनीला दिवस गेलेत, ती स्ट्रिपलाही हात लावत नाही. बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात ही स्ट्रिप टाकायची नाही, बाथरूमच्या कपाटात तर नाहीच, आपल्याकडे पावसाळ्यात किती दमट असतं माहितीये ना. टॉयलेट वापरल्यावर झाकण लावून दोनदा फ्लश, उलटी लागलेले कपडे वेगळे धुवायचे, आणि कामवाल्या ताईंनाही सांगून ठेवलंय की बाथरूम ग्लोव्हज घालूनच धुवा.

खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, तिथे लांबून लांबून पेशंट येतात आणि गोळ्या घेऊन गावी परततात. गावच्या डॉक्टरांना दाखवाल तेव्हा चिठ्ठी आणि स्ट्रिप दोन्ही सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर कॅपेसिटाबिनने रक्तस्राव होऊ शकतो, आणि टॉनिकमधल्या फॉलिक ॲसिडने या गोळीचा त्रास वाढू शकतो, म्हणजे साधं टॉनिकसुद्धा विचारल्याशिवाय नको. नातेवाईक गुळवेलीचा काढा प्रेमानेच आणून देतात, तोही आधी डॉक्टरांना सांगा.

ताप 100.4 च्या वर गेला, दिवसात नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब झाले, रात्री शौचाला उठावं लागलं, तोंड आलं किंवा तळहात-तळपाय लाल होऊन दुखायला लागले, तर सकाळची वाट बघू नका, पुढची गोळी देण्याआधी फोन करा. आमच्या फ्रिजवर तो नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलाय. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात किंवा टॉयलेटमध्ये टाकायच्या नाहीत, पुढच्या तारखेला जाल तेव्हा त्या सोबत न्या आणि काय करायचं ते हॉस्पिटलच्या फार्मसीत विचारा.