मागील पानावरून, पुढील पानावर: ॲक्सेस रिपोर्टमधली पानापानाची बेरीज

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये रोकडवहीसारखा रिपोर्ट हवा होता. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पुढील पानावर’, पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’, आणि दोन्हीकडे आकडा एकच. सगळ्यात आधी पेज फूटरमध्ये (पानाच्या तळपट्टीत) ‘सम’चं, म्हणजे बेरजेचं, सूत्र टाकून पाहिलं, तर आकड्याच्या जागी ‘#एरर’. त्याचं कारण साधं आहे. ‘सम’ क्वेरीतल्या, म्हणजे रिपोर्टला डेटा पुरवणाऱ्या यादीतल्या, नोंदींवर चालतं, म्हणून ते रिपोर्ट फूटरमध्ये आणि ग्रुप फूटरमध्ये चालतं. पान मात्र क्वेरीला माहीतच नसतं. कुठली ओळ कुठल्या पानावर जाणार, हे मांडणी होताना ठरतं.

तळाची बेरीज कोडशिवाय जमली. डिटेल सेक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंदीची ओळ जिथे मांडली जाते तिथे, एक जादा टेक्स्टबॉक्स घेतला. त्याचं नाव ‘चालूबेरीज’, कंट्रोल सोर्स ‘रक्कम’, डेटा टॅबवर ‘रनिंग सम’ला (चालू बेरजेला) ‘ओव्हर ऑल’ आणि फॉरमॅट टॅबवर ‘व्हिजिबल’ला ‘नो’. पेज फूटरच्या बॉक्समध्ये फक्त =[चालूबेरीज] लिहिलं. पान 1 वर 48,250 आणि पान 2 वरच्या नोंदी 51,400 च्या असतील, तर दुसऱ्या पानाखाली 99,650 येतात. रिकाम्या रकमांसाठी सूत्रात ‘एनझेड’ (रिकाम्या जागी शून्य धरणारं फंक्शन) घालणार असाल, तर बॉक्सचं नाव फील्डच्या नावापेक्षा वेगळं ठेवा. दोन्ही सारखी असली की सूत्र स्वतःलाच शोधत बसतं आणि पुन्हा ‘#एरर’.

माथ्यावरच्या आकड्यासाठी कोड लागला, आणि खरा घोळ इथेच झाला. मी आधी डिटेलच्या ‘ऑन फॉरमॅट’मध्ये (तो भाग मांडताना होणाऱ्या इव्हेंटमध्ये) व्हेरिएबलमध्ये रक्कम मिळवत होतो. पान 3 पासून बेरीज 1,375 ने जास्त येऊ लागली. पान 3 वरची पहिली नोंद नेमकी 1,375 ची होती. ही ओळ पान 2 च्या तळाशी बसते का, हे ॲक्सेसने पाहिलं, ती बसली नाही, म्हणून मागे घेऊन पुढच्या पानावर पुन्हा मांडली. मांडणी दोनदा झाली, तशी रक्कमही दोनदा मिळवली गेली. मांडणी मागे घेताना होणाऱ्या ‘रिट्रीट’ इव्हेंटमध्ये ती वजा करता येते, पण माझ्या मते हा नसता उद्योग आहे. बेरीज ‘रनिंग सम’लाच करू द्यावी, कोडने फक्त तयार आकडा एका पानावरून दुसऱ्यावर न्यावा.

म्हणून रिपोर्टच्या कोड मॉड्यूलच्या वर एक ॲरे, म्हणजे क्रमांकित खणांची यादी, ठेवला. पेज फूटरच्या ‘ऑन फॉरमॅट’मध्ये त्या पानाच्या क्रमांकाच्या खणात ‘चालूबेरीज’ टाकायची; पेज हेडरच्या ‘ऑन फॉरमॅट’मध्ये त्याआधीच्या क्रमांकाच्या खणातला आकडा दाखवायचा. पान 1 वर तो बॉक्स लपवायचा. एकच व्हेरिएबल ठेवलं, तर प्रिव्ह्यूमध्ये पाचव्या पानावरून दुसऱ्यावर मागे आल्यावर माथ्यावर भलताच आकडा दिसू शकतो. शिवाय रिपोर्टमध्ये कुठे ‘पेजेस’ (एकूण पानांची संख्या) वापरलं असेल, तर ॲक्सेस सगळी मांडणी दोनदा करतं आणि पहिल्या फेरीचा उरलेला आकडा दुसऱ्या फेरीत डोकावतो. पान क्रमांकाच्या ॲरेत दोन्ही त्रास संपतात.

या कामाला ‘ऑन प्रिंट’ (पान छापताना होणारा इव्हेंट) नको. फक्त पान 5 छापायला सांगितलं, तर आधीच्या पानांचे ‘प्रिंट’ इव्हेंट होतच नाहीत. आणि ‘फॉरमॅट’ व ‘प्रिंट’ हे दोन्ही इव्हेंट रिपोर्ट व्ह्यूमध्ये (पाने न पाडता दाखवणाऱ्या दृश्यात) चालत नाहीत. तपासणी प्रिंट प्रिव्ह्यूमध्येच करायची.

डेटा एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरवर असेल (2012 किंवा पुढची आवृत्ती), तर माझी पसंती वेगळी. सर्व्हरवरच्या व्ह्यूमध्येच (साठवलेल्या क्वेरीत) ‘सम ओव्हर’ने चालू बेरीज काढायची, त्यातून त्याच ओळीची रक्कम वजा करून ‘आरंभीची’ हा कॉलम करायचा. पेज हेडरमधल्या बॉक्सला पानावरची पहिली नोंद मिळते, फूटरला शेवटची. म्हणून वर ‘आरंभीची’, खाली ‘चालू’, कोड शून्य. मात्र ‘ऑर्डर बाय’मध्ये तारखेसोबत नोंद क्रमांक द्या आणि ‘रोज अनबाउंडेड प्रिसीडिंग’ (पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंत) स्पष्ट लिहा. न लिहिल्यास ‘रेंज’ गृहीत धरलं जातं, आणि नुसत्या तारखेने क्रम लावला असेल तर एकाच तारखेच्या सगळ्या ओळींना एकच बेरीज मिळते. रिपोर्टच्या ‘ग्रुप, सॉर्ट अँड टोटल’मध्येही हाच क्रम पुन्हा द्यावा लागतो; क्वेरीतल्या क्रमावर विसंबू नये.

शेवटच्या पानाखाली ‘पुढील पानावर’ शोभत नाही. रिपोर्टच्या गुणधर्मांत ‘पेज फूटर’ला ‘नॉट विथ रिपोर्ट फूटर’ केलं की ज्या पानावर एकूण बेरीज येते, तिथे ती ओळ छापली जात नाही.

चाचणीसाठी तीन-चार पानांचा डेटा पुरतो, पण तो मुद्दाम वाकडा हवा: एक रिकामी रक्कम, एका तारखेच्या दोन नोंदी, आणि ‘कॅन ग्रो’मुळे (मजकुराप्रमाणे बॉक्स उंच करणाऱ्या गुणधर्मामुळे) तीन ओळी खाणारा एक लांबलचक तपशील. त्या लांब तपशिलामुळेच ‘पानाला 32 ओळी’ धरून क्वेरीत पाने पाडण्याचा बेत फसतो. शेवटच्या पानावर ‘मागील पानावरून’ अधिक त्या पानावरच्या नोंदी, आणि रिपोर्ट फूटरमधलं ‘सम’, हे दोन आकडे जुळले पाहिजेत. फरक 0.01 चा असेल, तर रकमेचं फील्ड ‘डबल’ (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) आहे का ते बघा आणि ‘करन्सी’ करा.