भगर, मोर, बर्टी

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक जण शिक्षकांबद्दल लिहितील, आणि लिहायलाच हवं. मला मात्र वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींपासून सुरुवात करायची आहे. मावशी शहाद्याकडच्या, बोलणं अहिराणी. आम्ही धडगावच्या वरच्या पाड्यांवरची पावरा मुलं. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी रानातून परतलो की त्या दारातच विचारायच्या, "काय लयनात रे आज?" कधी टाकळा, कधी कुर्डू, नशीब असलं तर करटोली. बांबूचे कोंब मात्र मावशींनी कधी रांधले नव्हते. मोठ्या मुलींनी त्यांना शिकवलं: बारीक चिरायचे, उकळायचे, ते पाणी फेकून द्यायचं आणि मगच फोडणी टाकायची. नाहीतर कडवटपणा राहतो, पोटालाही बाधतं. त्यानंतर आम्ही कोंब आणले की मावशी न सांगता पातेलं चुलीवर ठेवायच्या.

मी शिकत असताना आपला भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. घरची जमीन तेव्हाही उताराची आणि मुरमाडच होती. आजी एकाच वावरात ज्वारी, मका, तूर, उडीद, चवळी आणि अंबाडी पेरायची. मक्याच्या ताटांवर काकडीचे वेल चढवायची. वरच्या हलक्या पट्टीत भगर, मोर, बर्टी ही बारीक धान्यं. पुस्तकात मात्र एका वावरात एकच पीक, सरळ ओळी, संकरित बियाणं आणि युरिया. विज्ञानाच्या सरांनी एकदा विचारलं, "तुमच्या घरी काय काय पेरतात?" मुलं सांगत गेली, सर लिहीत गेले आणि फळा भरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चवळीचं रोप मुळासकट उपटून आणायला लावलं, मुळांवरच्या गाठी दाखवल्या आणि हवेतला नत्र त्या गाठींमधले जिवाणू कसा धरून ठेवतात ते समजावलं. कडधान्य मक्याशेजारी का पेरायचं, हे आजीला ठाऊक होतं. त्यामागचं कारण मला त्या दिवशी कळलं.

अशा मिश्र पेरणीचं आणखी एक कारण मला फार नंतर, कृषी खात्यात नोकरीला लागल्यावर नीट उमगलं. बारीक धान्यं लवकर पिकतात. जुन्या धान्याची कणगी रिकामी होते आणि ज्वारीला अजून दाणा भरलेला नसतो, तेव्हा भाद्रपदात घरात शिजतं ते हेच. मग मका, मग उडीद, ज्वारी, आणि सगळ्यात शेवटी तूर. पाऊस मध्येच दडी मारून बसला तरी वावर पूर्ण हातचं जात नाही. नवाईची पूजा झाल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालायचं नाही, हा नियम घरात कडक होता. आजी मक्याची चांगली कणसं चुलीवर टांगून ठेवायची, धुरामुळे त्यांना कीड लागत नसे. बारीक बियाणं राखेत कालवून सुकलेल्या तुंब्यात भरायची.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायची. कुठलं झाड कोणत्या घराचं हे ठरलेलं असायचं आणि कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली हात घालत नसे. नंतर टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल. वैशाखात आमचूर. कैऱ्या सोलून, चिरून खडकांवर वाळत घालायच्या, आणि सगळ्या घराचं लक्ष आभाळाकडे, कारण एक सर आली की आमचूर काळं पडतं आणि भाव कोसळतो. जूनमध्ये माझी पेटी, वह्या, चप्पल त्याच पैशांतून यायची. सोलून सोलून आईच्या बोटांची सालं निघायची. त्या कष्टाच्या मानाने मिळणारा भाव मला तेव्हाही कमी वाटायचा, आजही वाटतो.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. त्यानिमित्ताने शहरांत भगर-राळ्याचं कौतुक झालं याचा आनंद आहे. पण आमच्या पाड्यावर बर्टी पेरणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि करटोलीचा वेल ओळखू न शकणारी मुलं आपल्याच शाळेत आहेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याच तालुक्यात हरणखुरीला याहामोगी मातेच्या नावाने बियाणं जपणारी समिती आहे. सातपुड्यात याहामोगी ही धान्याची माउली, तेव्हा नाव अगदी योग्य आहे. तिथल्या लोकांनी जे केलं ते शाळेलाही जमेल.

संचालक मंडळाला माझी विनंती आहे की महोत्सवाच्या खर्चातून वसतिगृहामागची पडीक जमीन नांगरून घ्यावी आणि मृगावर मुलांच्या हातून मिश्र पेरणी करावी. पिकेल ते मुलांच्याच ताटात यावं, आठवड्यातून एकदा का होईना. कोंब, टाकळा, कुर्डू कसे निवडायचे ते शिकवायला पाड्यावरच्या आजींना बोलवावं, आणि त्यांना पाहुण्या शिक्षिकेचं मानधन द्यावं. मोर आणि बर्टीचं बियाणं आमच्या घरी आहे, ते मी वैशाखातच आणून देतो. भादी या बारीक धान्याचं बियाणं मात्र खूप शोधूनही मिळालेलं नाही. कुणा माजी विद्यार्थ्याच्या घरी मूठभर जरी असेल, तरी शाळेच्या कार्यालयात कळवा, न्यायला मी स्वतः येईन.